पोरं गेली, घर उरलं: गावभागातलं दुमजली सोडून फ्लॅट घ्यावा का?

गावभागकर
नमस्कार मंडळी. फराळाचे डबे रिकामे झाले. लेक बंगळूरला, मुलगा-सून आणि नात पुण्याला परत गेली. आता मे महिन्यापर्यंत घरात आम्ही दोघंच. मी ६६, ही ६२.

सांगलीत गावभागात वडिलोपार्जित दुमजली घर आहे. खाली पाच खोल्या, वर तीन, त्यावर पत्र्याचा माळा. मागे न्हाणीघर, बुजवलेला आड आणि एक प्राजक्त.

गेले पंधरा दिवस मी एक रिकामटेकडा उद्योग केला. आपण कुठल्या खोलीत किती वेळा जातो, त्याच्या रेघा कॅलेंडरच्या मागे मारत गेलो. स्वयंपाकघर आणि मधली खोली मोजायचं दुसऱ्या दिवशीच सोडलं. देवघर रोज दोनदा. ओसरीवर पेपर आणि चहा. वरच्या तीन खोल्यांत मिळून पंधरा दिवसांत चार फेऱ्या, त्यातल्या तीन मांजर आत कोंडलं म्हणून.

हिचं म्हणणं, विश्रामबागेकडे लिफ्टवाला टू बीएचके घेऊ. माझं मन होत नाही. का होत नाही विचाराल तर धड एक कारण सांगता येत नाही. अडचणी मात्र भरपूर आहेत. उताऱ्यावर माझ्याबरोबर बहिणीचं नाव आहे. घर पूररेषेत आहे. आणि घरातल्या सामानाचा विचार केला की मी पुन्हा पेपर उघडतो.

कुणी ह्यातून गेलं असेल तर लिहा. "मुलांना विचारा" असं लिहू नका, विचारून झालंय. दोघंही म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल ते करा."

दीडशहाणा
दोन माणसांना आठ खोल्या? मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करा आणि सुटा. मुद्रांक २०० रुपये. विकायचं की ठेवायचं ते पुढे तो बघेल.

प्रांतकचेरी
दीडशहाणे, आयडी सार्थ केलात. मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून जरा लांबण लावतो.

राहतं घर मुलगा, मुलगी, नवरा, बायको किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये, हे बरोबर. स्थानिक अधिभार आणि इतर खर्च वेगळा. पण बहिणीचा हिस्सा हे बक्षीस देऊ शकत नाहीत. जे आपलं नाही ते देणार कसं?

दुसरी गोष्ट. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर प्रांताकडच्या न्यायाधिकरणात जाऊन ती देणगी रद्द करून घेता येते. गोम त्या अटीत आहे. माझ्या टेबलासमोर एक आजोबा बसले होते, हातात बक्षीसपत्राची झेरॉक्स. चार पानांत घराची चतुःसीमा होती, विहिरीतला हिस्सा होता, "प्रेमापोटी" हा शब्द तीनदा होता. सांभाळायची अट एका ओळीतही नव्हती. पुढे मग वकील आणि तारखा.

मुलगा चांगला असेल, असणारच. तरीही राहतं घर हयातीत देऊन टाकू नये असं माझं मत. मृत्यूपत्र करा, नोंदवा आणि निवांत राहा.

मिरजेची_मावशी
तुमच्या ताईंना विचारलंत का? सगळे मुलांचंच बोलताहेत.

गावभागकर
मावशी, विचारलं. वडील मृत्यूपत्र न करता गेले, त्यामुळे ताईचा निम्मा हिस्सा आहेच. एक नातेवाईक "हक्कसोड करून घे, कोल्हापूरला तिचं बरं चाललंय" म्हणाले, त्यांना मी चहा दिला आणि विषय बदलला. ताई फोनवर म्हणाली, "विक, पण आधी मला चार दिवस राहायला बोलव. आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब माझा." बंबाला गळती आहे हे तिला सांगितलेलं नाही.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून. आमचं घर मंगळवार पेठेत, डोंगराच्या अंगाला. रस्त्यापासून दारापर्यंत ३४ पायऱ्या. तरुणपणी त्या मोजाव्याशा वाटल्या नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मोजल्या. गॅसवाला दर वेळी पायरीगणिक एक शिवी जेमतेम ऐकू येईल अशी देत वर यायचा.

आम्ही एक केलं. विकायच्या आधी गोडोलीला ११ महिन्यांच्या करारावर फ्लॅट भाड्याने घेतला आणि जुनं घर नुसतं बंद ठेवलं. नेताना जे लागेल तेवढंच नेलं. बाकीचं "लागलं तर आणू" म्हणून तिथेच. ११ महिन्यांत मी परत काय काय आणायला गेलो? पुरणयंत्र, खलबत्ता, रेनकोट आणि वडिलांचा फोटो. बस. म्हणजे ३४ पायऱ्यांवर आम्ही जे सांभाळत होतो त्यातल्या चार वस्तू कमी पडल्या. मग विकलं. करार नोंदवून घ्या मात्र, भाड्याचाही.

कुपवाडचा_पैलवान
वरचा मजला भाड्यानं द्या की! सांगलीत शिकायला येणाऱ्या पोरांची काय कमी हाय व्हय? आठ खोल्यांत दोघंच म्हंजे भुतं शिरायची.

गावभागकर
पैलवान, जिना घराच्या आतून आहे. भाडेकरू ठेवला तर तो आमच्या मधल्या खोलीतून, ही पोळ्या लाटताना मागून, वर जाणार. बाहेरून लोखंडी जिना करावा म्हटलं तर प्राजक्त जातो.

दीडशहाणा
प्राजक्तासाठी घर अडवणारा माणूस फ्लॅटमध्ये काय राहणार! धागा बंद करा.

गावभागकर
खालचा मजकूर माझा नाही. हिने मोबाईल मागून घेतला.

नमस्कार. मी ह्यांची बायको. चष्मा लावून सगळा धागा वाचला. ह्यांनी रेघा मारल्या त्या स्वतःच्या. माझ्या रेघा वेगळ्या निघाल्या असत्या. वरच्या तीन खोल्या झाडायला आठवड्यातून दोनदा मी जाते. मांजर अडकतं ते तेव्हाच.

स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून मी पेन्सिलने एक यादी लिहिलेली आहे. सांगलीबाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते, आमच्याकडे आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पावसाळ्यात आम्ही हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे ऐकतो. माझी यादी अशी:

४० – माळ्याची कुलपं काढणे
४३ – गाद्या, शिलाई मशीन, ह्यांची पुस्तकं
४५ – धान्य, औषधं, कागदांची पेटी
४८ – सिलिंडर, फ्रिज (शेजारच्या दोघांना हाक मारणे)
५० – देव

५० ला गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं. २००५ साली घरात वीतभर होतं. २०१९ ला पातळी ५७ च्या वर गेली आणि खालच्या मजल्यावर कमरेच्या वर पाणी. २०२१ ला गुडघ्याच्या जरा खाली. यादी २००५ नंतर केली, तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. धान्याचा डबा एका दमात वर नेत असे. आता अर्धा डबा नेते, तोही जिन्याच्या वळणावर टेकवून. आणि पाणी ४५ च्या वर जात नाही तेव्हासुद्धा सगळं वर न्यावं लागतं आणि सगळं खाली आणावं लागतं. लोक पूर येतो तेवढीच वर्षं मोजतात.

ह्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, ते लिहीत नाहीत. २०१९ ला गल्लीतली नऊ माणसं सहा दिवस आमच्या वरच्या मजल्यावर होती. वीज नाही, पत्र्यावरचं पाणी पातेल्यात धरायचं, बोटवाल्यांनी दिलेल्या दुधाच्या पिशव्या पोरांना. मुगाची खिचडी दोन्ही वेळा. ह्यांना वाटतं, आपण गेलो तर पुढच्या वेळी ती माणसं कुठे जातील. मी काल मोजून सांगितलं. नवातली पाच आधीच गावभाग सोडून गेलीत, एक आजी वारल्या. राहिलेल्या तिघांचं घर आता दुमजली आहे.

मोबाईल परत देते.

मिरजेची_मावशी
वहिनी, नमस्कार तुम्हाला. ह्यावर काय लिहिणार.

चिंचबन
हरिपूरचा आहे, संगमाजवळचा, त्यामुळे यादी पाठ आहे. आमच्याकडे खडूने होती, २०१९ मध्ये वाहून गेली. पेन्सिल चांगली.

पुण्यातली_लेक
मी ह्या धाग्यातल्या कुणाची लेक नाही, पण त्या जागेवरून लिहिते. "तुम्हाला बरं वाटेल ते करा" हे आम्हीही म्हणालो होतो. ते ऐकायला समजूतदार वाटतं, पण खरं तर आम्ही अंग काढून घेतलं होतं. खरं उत्तर होतं, "आम्ही परत राहायला येणार नाही." ते तोंडातून निघत नव्हतं, कारण ते बोललं की आपणच घर विकायला लावलं असं होईल. आईने शेवटी फोनवर सरळ विचारलं, "रिटायर झाल्यावर इथे येशील का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग तुझी दहावीची गाईडं रद्दीत घालू का?" तीन पोती निघाली. काका, मुलांना "काय करू" विचारू नका. "येणार का" विचारा.

गावभागकर
विचारलं. लेक "नाही बाबा" म्हणाली आणि मग खूप वेळ बंगळूरच्या ट्रॅफिकबद्दल बोलली. मुलगा म्हणाला, "बघू." हिच्या मते ह्याचा अर्थ नाही.

हिशेबनीस
कराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी करसल्लागाराकडे कामाला आहे, सल्ला शेवटी तुमच्या सीएचाच घ्या.

वारशाने आलेल्या घराला तुमच्या वडिलांची खरेदी किंमत धरतात. ते १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. शासनमान्य मूल्यांककाचा दाखला घ्या. पण तो आकडा त्या दिवशीच्या सरकारी मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त चालत नाही, ते आधी बघा. लोक इथेच आपटतात.

२३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घर-जमिनीला, विकणारा निवासी भारतीय असेल तर, जुन्या पद्धतीने इंडेक्सेशनसह २० टक्के धरून बघता येतो. जो कमी बसेल तेवढाच भरायचा. समजा तुमच्या वाट्याचं २००१ चं मूल्य १० लाख आणि आता ७० लाख आले. १२.५ टक्क्यांनी ६० लाखांवर साडेसात लाख. २००१-०२ चा महागाई निर्देशांक १०० धरला तर २०२५-२६ चा ३७६ आहे, म्हणजे १० लाखांचे ३७.६ लाख होतात. नफा ३२.४ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ६.४८ लाख. जुन्या घरांना बऱ्याचदा हेच स्वस्त पडतं, तरी लोक "इंडेक्सेशन गेलं" ऐकून घाबरून बसलेत.

आणि नफा दुसऱ्या घरात घातलात तर करात सूट आहे (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५४). विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, नाहीतर तीन वर्षांत बांधकाम. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवा, बचत खात्यात नको. नवं घर तीन वर्षं विकू नका.

शेवटचं, कारण ह्यात माझेच एक नातेवाईक अडकले. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. त्यांनी सवलतीसाठी फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला आणि विकलेलं घर होतं त्यांच्या स्वतःच्या नावावर. विकणाऱ्याचं नाव नव्या घरात नसलं की कलम ५४ वरून वाद उभा राहतो. एक टक्का वाचवायला गेले आणि नोटीस आली.

दीडशहाणा
हिशेबनीस, ही माहिती चांगली आहे. (हो, मी म्हणतोय.) पण पूररेषेत घर घेणार कोण?

प्रांतकचेरी
घेतात, पण भाव पाडून. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. निळ्या आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषेच्या मधे अटींवर परवानगी मिळते. पाडून इमारत उभी करू म्हणणारा बिल्डर म्हणून आधी रेषा विचारतो. तुमचं कुठल्या पट्ट्यात येतं ते महापालिकेत नगररचना विभागाकडे नकाशावर बघून घ्या, दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

खिडकीपाशी
आम्ही चार वर्षांपूर्वी सांगलीतलं घर विकून पुण्याला मुलाच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. सोयी सगळ्या आहेत. तक्रार एकच, आणि ती लिहायला लाज वाटते. पेपरवाला वर येत नाही, वॉचमनच्या टेबलावर गठ्ठा टाकतो. रोज माझा पेपर कुणीतरी आधी उलगडलेला असतो. सांगलीत ४० वर्षं कोरा पेपर उघडला होता. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, मोबाईलवर वाचा."

गावभागकर, जाल तर सांगलीतच राहा.

कुपवाडचा_पैलवान
काका, भडंग पाठवू का पुण्याला? पेपरात गुंडाळून. कोऱ्या.

गावभागकर
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

अजिंक्यतारा ह्यांचं ऐकलं. विकणं सध्या नाही. ताई राहून गेली, बंबाची गळती तिने पहिल्याच दिवशी पाहिली आणि तरी तो नेला. भाड्याने फ्लॅट बघायला लागलो. विश्रामबागेतले दोन बघितले, चांगले होते, पण मला सकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जायचं असतं आणि तिथून ते होत नाही. ही म्हणाली, "मी यादी सोडतेय, तुम्ही देऊळ सोडा." मग मधला मार्ग म्हणून देवळापासून चालत वीस मिनिटांवर एक बघितला. तिसरा मजला, लिफ्ट, पूर्वेला स्वयंपाकघर. दोघांनाही आवडला. एक जानेवारीपासून ११ महिने.

नेण्याच्या सामानाचं भांडण अपेक्षेपेक्षा लवकर मिटलं, फक्त झोपाळ्यावर अडलं. सागवानी, साडेपाच फुटी. नव्या हॉलमध्ये बसतो, पण घरमालक स्लॅबला कड्या मारू देत नाही. तो इथेच राहील. पुस्तकांची दोन कपाटं नेतोय, पाच ठेवतोय. वरच्या खोल्या झाडायला एक बाई आठवड्यातून एकदा येतील, प्राजक्ताला पाणीही घालतील. मांजराचा निर्णय मांजर घेईल.

सुतार आला होता, त्याला मी विचारलं, फडताळाचं ते पेन्सिलच्या यादीचं दार बिजागरीतून काढून नेता येईल का. तो म्हणाला, येईल. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरून सामान कुठे वर न्यायचंय? राहू दे तिथंच."

दार राहिलं. फोटो काढून ठेवलाय.

मिरजेची_मावशी
छान झालं. नव्या घरी गेलात की वहिनींना पुन्हा मोबाईल द्या.

चिंचबन
एक विचारतो, राग मानू नका. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, ठीक. पण विजेचे मीटर आणि लिफ्टची मोटर कुठे आहे? माझ्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये २०१९ ला पाणी फक्त पार्किंगमध्ये आलं होतं. मीटर तिथेच भिंतीवर. लाईट गेली, लिफ्ट गेली, पंप गेला आणि चौथ्या मजल्यावर सगळे कोरडे बसून बादल्या ओढत होते. आतासुद्धा पार्किंगच्या भिंतीवर चुन्यावर पाण्याची रेघ दिसेल, रंग दिला असला तरी खालचा भाग फुगलेला असतो. बघितलीत का?

गावभागकर
नाही बघितली. उद्या सकाळी देवळातून परस्पर जातो.

ही फडताळाचं दार उघडून उभी आहे. विचारतेय, त्या बिल्डिंगचा आकडा किती धरायचा.